पुठ्ठ्यातली दुपार

१

लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या त्या ऑफिसात दिवसा दिवा लावायला बंदी होती. बंदी सत्यमने घातलेली. बाहेर धुकं दाटून समोरचं जांभळाचं झाड दिसेनासं झालं, तरी बटणाला हात लावायचा नाही. खुर्ची सरकवा, खिडकीशी जा, नाहीतर डोळे मिटून विचार करा, असं तो म्हणायचा. आजूबाजूला शनिवार-रविवारचे बंगले उठत होते. भिंतभर काचा, काचांवर जाड पडदे, पडद्यांमागे एसी आणि भर दुपारी छतात जळणारे दिवे. असली घरं बांधणाऱ्याला त्याच घरात महिनाभर कोंडलं पाहिजे, हे सत्यमचं ठाम मत होतं. ते तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा, त्यामुळे गिऱ्हाइकं बेताचीच होती.

प्रतीक्षा त्याची आर्किटेक्चर कॉलेजातली मैत्रीण आणि आता ऑफिसातली भागीदार. तो सोमाटण्याचा, ती नवलाख उंबऱ्याची. उजेडाचं हे वेड तिला आपणच लावलं, असं तो चारचौघांत सांगायचा. ती समोर असली तर हसून मान डोलवायची.

खोलीत उजेड कसा पडेल हे कॉम्प्युटर सांगतोच. पण या दोघांचा शेवटचा विश्वास पुठ्ठ्यावर. खोलीचं लहानसं मॉडेल करायचं, ते गच्चीत उन्हात ठेवायचं, आणि भिंतीत पाडलेल्या भोकाला डोळा लावून आत बघायचं. डोळा घट्ट लावला की थोड्या वेळाने पुठ्ठ्याचा विसर पडतो. आपण त्या खोलीत उभे आहोत असंच वाटतं. दारं मात्र मॉडेलला कापायची नाहीत, फटीतून उजेड शिरतो. दार नुसतं पेन्सिलीने काढायचं.

त्यांचं पहिलं मॉडेल या ऑफिसचंच होतं. सत्यमच्या टेबलावर वरून उजेड यावा म्हणून छतात एक काच बसवली होती, ती कल्पना त्याची. त्या मॉडेलचं भोक त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीत होतं, कारण टेबल तिथूनच चांगलं दिसे. पुढे ते मॉडेल प्रतीक्षाने आठवण म्हणून घरी नेलं.

मग नवलाख उंबऱ्याच्या अभ्यासिकेचं काम आलं. गावातल्या विहाराला लागून मोकळी जागा होती, तीन बाजूंना घरांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला कंपनीची शेड. खिडकीला कुठेच वाव नव्हता. सत्यमने जागा बघितली आणि म्हणाला, "इथे उजेड येणार नाही. दुसरी जागा मागा."

"आमच्याकडे दुसरी जागा मागून मिळत नसते रे," प्रतीक्षा म्हणाली.

तिने छतात झरोका काढला. झरोक्याखाली एक उंच गळा, वर अरुंद आणि खाली पसरत जाणारा, आतून चुन्याने पांढरा केलेला. ऊन त्या गळ्याच्या भिंतींवर आपटत, मऊ होत खाली उतरणार. मॉडेलच्या गळ्यालाही तिने तोच चुना लावला होता, बांधकामासाठी भिजवलेल्या बादलीतला.

गच्चीत त्या दुपारी सत्यम वाकला आणि पूर्वेच्या भिंतीतल्या भोकाला डोळा लावला.

आत जो उजेड होता तो त्याने व्याख्यानांत शंभरदा सांगितला होता. डोळ्यावर न येणारा, कोपऱ्यांत न संपणारा, कागदावर हात ठेवला तर हाताची सावलीही कागदाला त्रास देणार नाही असा. फक्त त्याच्या एकाही खोलीत तो कधी उतरला नव्हता.

"जमलंय का?" प्रतीक्षाने मागून विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. आणि डोळा न काढताच त्याने तळहात उचलून झरोक्यावर ठेवला. आत काळोख झाला.

"काय करतोस?"

"गळती बघतोय. कुठून उजेड शिरतोय का ते."

अशी तपासणी करतातच. त्याने फक्त हात गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवला.

२

संविधान दिनाला अभ्यासिका उघडली. पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी दिवसभर तिथे बसू लागली. कुणीतरी फोटो टाकले, वर्तमानपत्रात आलं, आणि गावात त्या खोलीला एक नावच पडलं, प्रतीक्षाताईंचा उजेड.

सत्यमने ते नाव पहिल्यांदा चारचौघांत ऐकलं. उजेड काय कुणाच्या मालकीचा असतो, असं तो म्हणाला. सगळे हसले. त्यालाही हसावं लागलं.

प्रतीक्षाला मात्र मोजमापांत रस होता. तिने खऱ्या खोलीत एक उजेड मोजणारं यंत्र ठेवलं आणि तसंच एक छोटं मॉडेलमध्ये बसवलं. "वर्षभर ताडून बघू," ती म्हणाली. "माझं निम्मं लक्ष आता गावातच असणार. तू रोज सकाळी मॉडेल गच्चीत ठेवशील ना? संध्याकाळी आत घे."

आपल्याच मैत्रिणीच्या यशाला रोज ऊन दाखवायचं, अशी ती चाकरी. सत्यमने ती नाकारली नाही. रोज सकाळी सोमाटण्याहून जुन्या हायवेने मोटरसायकलवर यायचं, कुलूप काढायचं, मॉडेल दोन्ही हातांनी धरून जिना चढायचा. डबा खायच्या आधी तो त्याच्याशी वाकायचाच. कधी भोकातून, तर कधी झरोक्यावरच डोकं नेऊन वरून आत. कुठेतरी चूक असणार, एखादा कोपरा मेलेला असणार, आणि ती आपल्याला सापडेल, असं त्याला वाटायचं.

महिन्याभराने आकडे आले. मॉडेल आणि खोली, दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसत होती.

"भारी आहे ना?" प्रतीक्षा म्हणाली.

"इतकं कुणाचंच जुळत नाही," सत्यम म्हणाला. "लोणावळ्याची हवा वेगळी, तिकडची वेगळी. थोडा तरी फरक पडायला हवा."

"तेच मलाही कळत नाहीये."

ती खरंच कोड्यात पडली होती. सत्यमला मात्र एकच अर्थ लागला. हिने आकडे बसवलेत. त्याला त्या विचाराने किती हलकं वाटलं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

३

तिला न सांगता तो नवलाख उंबऱ्याला गेला. त्या सकाळी तुंगार्लीत धुकं इतकं होतं की मॉडेल गच्चीत ठेवताना त्याला कठडाही नीट दिसला नव्हता. घाटमाथा मागे पडला तसं आकाश निवळलं. नवलाख उंबऱ्यात पोचला तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं, शेडचे पत्रे बघवत नव्हते.

अभ्यासिकेच्या किल्ल्या प्रतीक्षाच्या आत्याकडे, भागुबाईंकडे असायच्या. त्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

"जय भीम, आत्या."

"जय भीम, बाबा. एकलाच आलास? ती कुटं हाय?"

"पुण्याला गेलीय. म्हटलं, जरा बघून जावं."

"बघ की. पर आज आत मळभ हाय."

सत्यम हसला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मग तो दारातून आत गेला आणि त्याचं हसू तसंच राहिलं.

आत धुक्याचा उजेड होता. राखाडी, ओलसर, सगळ्या बाजूंनी सारखाच येणारा. पोरं पुस्तकांवर वाकून बसली होती. त्याने वळून दाराबाहेर बघितलं. ओट्यावर भागुबाईंची सावली काळीभोर पडली होती. पुन्हा आत बघितलं. हा उजेड त्याने तासाभरापूर्वी अंगावर घेतला होता.

काच मळली असेल, त्याने मनाशी म्हटलं. चुन्याला ओल आली असेल. त्या ओलीमुळे असा रंग येऊ शकतो. येत असेलच.

"सर, बसा ना," भरतीची तयारी करणारा आकाश म्हणाला. खुर्च्या सगळ्या भरल्या होत्या. पूर्वेच्या भिंतीशी एक तेवढी रिकामी होती. सत्यम तिकडे वळला तसा आकाश उठला. "तिथं नको. माझ्या जागेवर बसा."

"का? तिथे काय आहे?"

"काय न्हाई. तिथं कुनी बसत नाही, एवढंच. मानेवर कुनाचा तरी डोळा असल्यागत होतं." तो ओशाळून हसला. "अभ्यास न करायला कारण पाहिजे ना सर आमाला."

सत्यमने ती भिंत बघितली. सपाट, गुळगुळीत, चुन्याची. बसलेल्या माणसाच्या मानेइतक्या उंचीवर त्याने बोट फिरवलं. कुठे काही नव्हतं.

"आणि लोडशेडिंग सांग की सरांना," मागून एक मुलगी म्हणाली.

"व्हय, ते हायेच. रोज जेवणाच्या टायमाला सूर्याचं लोडशेडिंग होतं हितं. मधेच अंधार पडतो, मग परत येतो."

"पाखरू बसत असेल काचेवर."

"येवढं मोठं?" भागुबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "गोल सावली पडती मदोमद. डोसक्यावानी. मला तर येकदा कान बी दिसले. आनि मागल्या रविवारी तर उजाडलंच न्हाई हितं. भायेर ऊन तापलेलं, आन् आत झापड. दुपार व्हायला आली तवा कुटं उजेड आला."

मागच्या रविवारी सोमाटण्यापासून पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. सत्यमला ऑफिसात पोचायला दुपार झाली होती.

४

परत येताना तो मोटरसायकलवर स्वतःशी भांडत होता. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कॉलेजात तो अंधश्रद्धेविरुद्धच्या पथनाट्यात होता. तोच हे वाक्य मोठ्याने म्हणायचा.

शंका मिटवायची असेल तर प्रयोग करायचा. दोन दिवसांनी प्रतीक्षा अभ्यासिकेत फळ्या बसवून घ्यायला गेली होती. सत्यम गच्चीत गेला, मॉडेलशेजारी बसला आणि तिला फोन लावला.

"काय चाललंय?"

"सुतार अजून आला नाही. सखारामभाऊ म्हणजे तुला माहीतच आहे, निघालो म्हणतात तेव्हा अंघोळीला..."

सत्यमने बोट झरोक्यावर ठेवलं.

"...जातात. अरे, परत अंधारलं बघ."

त्याने बोट उचललं.

"आलं."

पाखरू, त्याने मनाशी म्हटलं. मग कानामागची पेन्सिल काढून त्याने झरोक्यावर आडवी धरली.

"सत्यम, गंमत सांगू? फरशीवर सावलीची एक रेघ आलीये. सरळ, काठीसारखी. थांब, फोटो काढते."

त्याने पेन्सिल बाजूला केली.

"गेली," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू कुठेयस आत्ता?"

"टेबलाशी. का?"

"काही नाही."

फोन ठेवल्यावर तो उन्हात तसाच बसून राहिला. तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर हेही तिचंच होणार होतं. तिची खोली, तिचा चुना, तिचा चमत्कार. गप्प राहिलं तर यातला एक भाग तरी त्याचा होता.

आणि तो मोठा भाग होता. तिचा उजेड त्याच्या तळहाताखाली होता.

५

त्यानंतर तो रोज मॉडेलशी जाऊ लागला. फार काही करायचा नाही. कधी बोटाने एक कोपरा मंद करायचा, कधी मुद्दाम दुपारचा अंधार लांबवायचा. संध्याकाळी प्रतीक्षा सांगायची, आज मुलं लवकर उठून गेली, डोळे दुखतात म्हणतात. तो सहानुभूतीने मान हलवायचा आणि गळ्याची रुंदी कशी चुकली असेल ते समजावून सांगायचा. ती लिहून घ्यायची. कॉलेजातल्यासारखं वाटायचं त्याला.

भोकाला डोळा लावणं मात्र त्याने सोडलं होतं. शेवटी लावला तेव्हा आत पुठ्ठाच होता, रिकामा. पण डोळा काढताना असं वाटलं होतं, की आत कुणीतरी पुस्तकाचं पान उलटलं.

फेब्रुवारीत बातमी आली. एका मोठ्या पुरस्काराचं निवड मंडळ अभ्यासिका बघायला येणार होतं. प्रतीक्षा गच्चीत त्याच्याशेजारी चहाचा कप घेऊन बसली.

"तू पण चल त्या दिवशी."

"मी कशाला? खोली तुझी."

"अर्धी तुझी आहे. उजेडाकडे बघायला तूच शिकवलंस."

किती सहज म्हणाली ती. सत्यमला वाटलं, अर्धं देणाऱ्याकडे पूर्ण असतं. आणि त्याच क्षणी घरातलं, सोमाटण्यातल्या चुलत्यांच्या तोंडचं एक वाक्य त्याच्या मनात सुरू झालं. 'यांना हल्ली सगळंच...' त्या वाक्यावरून तो चुलत्यांशी भांडून ताटावरून उठला होता. आता ते त्याच्याच आवाजात आलं होतं. त्याने ते पुरं होऊ दिलं नाही. पण सुरू झालं होतं, हेही खरं.

"मी इथेच थांबतो," तो म्हणाला. "मॉडेलकडे कुणीतरी बघायला हवं ना."

प्रतीक्षाने कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"हो," ती म्हणाली. "बघ त्याच्याकडे."

६

त्या दिवशी सकाळी वारा होता. फार नव्हता, पण होता. मॉडेल कठड्यावरून पडलं तर काय घ्या, असा विचार करून सत्यमने ते गच्चीत नेलंच नाही. आत ठेवलेलं बरं. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात खालचा कप्पा रिकामा होता. त्याने मॉडेल आत ठेवलं, दार लावलं आणि किल्ली फिरवली. तेवढ्या वाऱ्यात किल्ली फिरवायची काय गरज होती, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

मग त्याने चहा केला. वरच्या काचेतून टेबलावर चांगला उजेड पडला होता. समोर कागद होते, पण ओळ सरकत नव्हती.

ऊन वर आलं तेव्हा फोन वाजला.

"सत्यम." प्रतीक्षा अगदी हळू बोलत होती. "मॉडेल कुठंय?"

उजेड का नाही, असं तिने विचारलं नव्हतं.

"गच्चीत," तो म्हणाला.

पलीकडे खूप माणसांचा श्वास ऐकू येत होता. बंद खोलीतला.

"इथे काळोख आहे," ती म्हणाली. "मंडळी आत आली, दार वाऱ्याने लागलं आणि दारातून येत होता तेवढाही उजेड गेला. मुलंही आत आहेत. आम्ही मोबाइलचे दिवे लावलेत, पण ते हातभर पण पोचत नाहीयेत. आत्या दार शोधतेय."

"शोधतेय म्हणजे?"

"भिंतीवरून हात फिरवतेय ती. दार सापडत नाहीये." मागे भागुबाईंचा आवाज आला, "हितंच व्हतं की गं, हितंच." कुणीतरी खोकत होतं. मग प्रतीक्षा म्हणाली, "भिंतीवर नुसती रेघ आहे."

फोन कापला गेला.

सत्यम उठला. कपाट खोलीच्या टोकाला होतं. तिथपर्यंत जाताना त्याला वाटलं, पत्र्यात पाल असावी. कपाटातून टकटक येत होती. बारीक, कोरडी, पुठ्ठ्यावर नखाने मारावी तशी. एका जागची टकटक नव्हती ती. बऱ्याच जागी एकदम चालली होती.

किल्ली दोनदा हातातून पडली. दार उघडलं आणि टकटक थांबली. पांढरा खोका मुकाट बसला होता. त्याने तो उचलला. नेहमीपेक्षा जड लागला. की तसं वाटलं.

सरळ गच्चीत जायचं, दुसरं काही करायचं नाही, असं ठरवून तो जिन्यापर्यंत गेला. तिथे थांबला. आत बघायला नको होतं. पण इतके दिवस आवरलेला डोळा आज आवरेना. पायरीवर खोका मांडीत घेऊन त्याने भोकाला डोळा लावला.

आत काळोख होता. काळोखात उजेडाचे बारीक ठिपके होते, काजव्यांसारखे, भिंतीभिंतीने सरकणारे. तो बघत राहिला. त्यातला एक ठिपका थांबला. मग वळला. मग मोठा होत, मोठा होत भोकाच्या दिशेने आला, आणि त्याच्यासमोर काहीतरी आडवं आलं, आणि भोक आतून झाकलं गेलं.

सत्यमच्या पापणीला ऊब लागली. श्वासाची.

७

प्रतीक्षा संध्याकाळी ऑफिसात आली तेव्हा पश्चिमेचं ऊन भिंतीवर चढलं होतं. तिच्या नखांत चुना होता.

"कसं झालं?" सत्यमने विचारलं.

"छान." ती खुर्चीत बसली. "उजेड एकदम आला. दार जिथल्या तिथे होतं. पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या मंडळात, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, आधी पूर्ण अंधार दाखवून मग हा उजेड दाखवायचा, याला धाडस लागतं. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं."

म्हणजे कपाटात कोंडूनही तो उजेड मोठाच झाला होता. सत्यमच्या छातीत पहिली कळ त्याच गोष्टीची उठली. माणसं सुखरूप आहेत याचं बरं वाटणं मागून आलं.

"वारा होता," तो म्हणाला. "म्हणून थोडा वेळ आत ठेवलं होतं."

"वारा होता?"

"होता थोडा."

ती वाट बघत बसली. ती कशाची वाट बघतेय हे त्याला कळत होतं, आणि बोलायला तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला, कुणीतरी अभिनंदन करत होतं, आणि त्याचं तोंड मिटलं.

बोलणं संपल्यावर तिने मॉडेल स्वतःजवळ ओढलं. पेन्सिलीने काढलेल्या दारावरून अंगठा फिरवला.

"दार कापायला हवं होतं," ती म्हणाली. "आत जानू पण होती रे, शेजारच्या हिराची. पाच वर्षांची पोर."

"तुला राग आलाय का?"

"कशाचा?" ती पुन्हा थांबली. मग उठली. मॉडेल ओढणीत गुंडाळून काखेत घेतलं. "हे मी नेते. काही दिवस घरूनच काम करीन म्हणते. तू बस इथे निवांत."

दारात तिला काहीतरी आठवलं.

"आपल्या ऑफिसचं ते जुनं मॉडेल होतं ना? सापडलं. आत्याने कणगीवर ठेवून दिलं होतं, इतके दिवस काळोखात. आता त्यालाही आतून तोच चुना लावून अंगणात काढून ठेवते उन्हाला. बघू, अजून चांगलं आहे का."

८

पुरस्कार जाहीर झाला त्या सकाळी तुंगार्लीत धुकं होतं. सत्यम टेबलाशी बसून मोबाइलवर अभिनंदनाचे निरोप वाचत होता. प्रतीक्षाताईंचा उजेड, प्रतीक्षाताईंचा उजेड. त्याने एकदोन ठिकाणी आपलं नाव शोधलं. एका ठिकाणी होतं, चुकीचं लिहिलेलं.

कागद उजळला म्हणून त्याने मान वर केली. खिडकीबाहेर पांढरं धुकं तसंच होतं, जांभूळ दिसत नव्हतं. टेबलावर मात्र पिवळंधमक, तापलेलं ऊन पडलं होतं. त्या उन्हात एका दोरीची सावली होती. दोरीवर काहीतरी वाळत घातलं होतं, लुगड्याच्या काठासारखं. वाऱ्याने ते हलत होतं.

त्याने वर काचेकडे बघितलं. काचेला धुक्याचं पाणी सुटलं होतं.

दोरीची सावली कुणीतरी बाजूला सारली. मग एक गोल सावली टेबलाच्या कडेवर आली आणि सावकाश कागदांवर सरकली. केसांचा अंबाडा होता. सावली थांबली, जरा वाकली. सत्यमच्या मानेवर, मागच्या भिंतीच्या बाजूने, काहीतरी आलं. कुणी हात लावला नव्हता. कुणीतरी बघत होतं.

तो वळला नाही. "प्रतीक्षा," तो हळू आवाजात म्हणाला. "मी सांगणार होतो."

वर पाच बोटं पसरली, आणि ऑफिसात काळोख झाला.

खिडकीतलं धुकंही दिसेना. तो धडपडत उठला. दिव्याचं बटण दाराशेजारी होतं, ज्याला त्याने दिवसा कधी हात लावू दिला नव्हता, कुणालाच. भिंत चाचपत तो तिथवर गेला. बटण नव्हतं. चौकट नव्हती. हाताखाली सगळं सपाट होतं, कोरडं, थोडं दबणारं. मग बोट एका बारीक खोलगट रेघेत गेलं. रेघेवरून त्याने बोट वर नेलं, आडवं नेलं, खाली आणलं. दाराएवढा चौकोन होता. बोटाला शिसं लागलं.

मागे, खुर्चीच्या पाठच्या भिंतीत, उजेडाचा एक ठिपका उघडला. सत्यमने तिकडे तोंड केलं. ठिपका क्षणभर राहिला आणि मग कुणीतरी त्याला डोळा लावला.

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. उचलेल, त्याने स्वतःला समजावलं. आता उचलेल ती हात. गळती बघायला इतका वेळ लागत नाही.